पापणीचा रंग

जनावरांच्या डॉक्टरांची सगळी हयात शेळ्यांच्या पोटातल्या जंतांवर संशोधन करण्यात गेली होती. शेळीची खालची पापणी ओढायची आणि आतला रंग खिशातल्या कार्डाशी ताडून बघायचा. लालबुंद म्हणजे एक नंबर; जंतांनी रक्त पिऊन पांढरीफटक पडलेली म्हणजे पाच. औषध फक्त चार-पाचवाल्यांना.

सवय अशी की होणारा जावई आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदा घरी आला, तर डॉक्टरांनी दारातच त्याची पापणी ओढली. "दोन नंबर! आत या." मग व्याह्यांची ओढली, विहीणबाईंचीही. मुलीने कपाळावर हात मारला.

बायको चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे ठेवून तिने स्वतःच आपली पापणी खाली ओढली. "तीस वर्षांत माझीच तेवढी राहिली. बघा."

डॉक्टरांनी कार्ड धरलं. चष्मा पुसून पुन्हा धरलं. "अगं, पाच!"

"पाचवालीला काय करता हो तुम्ही?"

"औषध, दुप्पट खुराक," डॉक्टर घडाघडा म्हणाले, "आणि महिनाभर कळपापासून लांब."

"झालं तर मग." तिने सोफ्यामागून भरून ठेवलेली बॅग काढली. "मी ताईकडे चालले. कळपाला चहा ओतून द्या."