शुद्ध पानाचा नमुना

बाळ मांडीवर झोपलं तसा मृदुलाने एका हाताने मोबाइलवर नकाशा उघडला. उपग्रहाकडून रोज येणाऱ्या फोटोत डोळ्यांना न दिसणारे शेकडो रंग असतात. शुद्ध पानाचा नमुना दिला, की त्याच्याशी न जुळणारं, म्हणजे कीटकनाशक फवारलेलं, सगळं लाल दिसतं. फुकटच्या सॉफ्टवेअरवर हल्ली घरोघरी बायका हेच शिकत होत्या.

शेजारच्या सुलभाकाकूंचं अख्खं परस लाल झालं. तिथलाच पालक ती आठवडाभर बाळाला भरवत होती.

तेवढ्यात काकू नवी जुडी घेऊन दारात आल्या. मृदुलाने हात पुढे केला नाही.

"काकू, खरं सांगा, फवारता ना?"

"मी? अगं, मला तर तुझंच परस लाल दिसतंय! परवाची तुझी कोथिंबीर मी सरळ उकिरड्यावर टाकली."

"काहीतरीच! मी राखेशिवाय काही घालत नाही. शुद्ध नमुना कुठला दिलात?"

"कुठला म्हणजे? माझ्या परसातला. आणि तू?"

मृदुला ओशाळली. तिनेही आपल्याच मेथीचं पान दिलं होतं. मग तिने दोघींचे नमुने एकत्र दिले, आणि दोन्ही परसं हिरवीगार झाली. तिने जुडी घेतली.

बाकीची गल्ली मात्र लालच राहिली.

काकूंनी चष्मा सावरला. "बघ," त्या हळूच म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावरच्या घराचा मला पहिल्यापासून संशय होता."

मृदुलाने बाळाला घट्ट जवळ घेतलं आणि मान डोलावली.