साहेबाची पायरी

घाटातल्या रेल्वेच्या कामावरच्या साहेबाने खालापुरात बुरुजाचा बंगला बांधायला काढला, विलायतेतल्या आपल्या वाडवडिलांच्या किल्ल्यासारखा. काम पदू गवंड्याकडे होतं. पदूचा लेक याच साहेबाच्या बोगद्यात दरडीखाली गाडला गेला होता. "निदान त्याचं मढं तरी काढू द्या," म्हणून पदू पाया पडला, तेव्हा साहेब खेकसला होता, "आपली पायरी ओळखून वाग!"

बुरुजाच्या गोल जिन्यात साहेबाने एक पायरी मुद्दाम चार बोटं उंच करून घेतली. "आमच्या किल्ल्यात अशीच आहे," तो ऐटीत सांगायचा. "घरच्यांना ती ठाऊक असते. चाल करून आलेला परका मात्र अडखळून पडतो." तो स्वतः तिथून डोळे मिटून चढायचा, उतरायचा.

साहेब रजेवर विलायतेला गेला, तेव्हा पदूने जिन्याची डागडुजी केली, काही पायऱ्या नव्याने बसवल्या. साहेब परतला आणि दुसऱ्याच दिवशी त्या जिन्यावरून गडगडत खाली आला, तो मान मोडूनच.

"सवयीचा जिना त्याचा, मग पडला कसा रं?" बरोबरच्या गवंड्याने विचारलं.

पदूने हाताचा चुना झटकला.

"सायबानं आपली पायरी ओळखली नाय."