जांभळा झगा

"पाठ उघडी ठेवा, नुसत्या नाड्या लावा," फादर इनास म्हणाले.

पुरुषोत्तमची टेप हातातच राहिली. बंगळूरच्या बसवनगुडीत, देवळांच्या गराड्यात बसून तो वीस वर्षं पाद्र्यांचे झगे शिवत होता. साध्या फादरना काळा कमरपट्टा, बिशपना जांभळा, कार्डिनलना लाल. रंग चुकला तर दुकानाला कुलूप लावीन, असं तो ऐटीत सांगायचा.

"फादर, पाठ उघडी आम्ही फक्त गेलेल्यांना ठेवतो. त्यांचे हात वळत नाहीत, म्हणून."

"बिशपस्वामींचेही वळेनात हो. खांदा आखडलाय, कानापर्यंत हात जात नाही." फादर इनास खानापूरचे, त्यामुळे दुकानात मराठीच चालायची. "रविवारी सण आहे. नवा झगा भेट द्यायचाय. तोवर त्यांच्याजवळ बोलू नका."

पुरुषोत्तमला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. त्याची बायको संध्या इस्पितळात होती, तेव्हा बिशपस्वामी रोज तिच्या उशाशी येऊन बसत. तशा माणसाला सणाच्या दिवशी दुखू नये, एवढंच त्याला वाटलं.

"आणि टोपीचं माप?"

"माझ्याच डोक्यावर बघा. सारखंच आहे." फादरनी जांभळी टोपी घातली आणि आरशासमोर अंमळ जास्तच वेळ उभे राहिले. "सरी, ठीक आहे. शनिवारी नेतो."

पुरुषोत्तमने जीव ओतून झगा शिवला. जांभळी बटणं हाताने लावली. पाठ मात्र सांगितल्याप्रमाणे मोकळी सोडून नुसत्या नाड्या लावल्या. हँगरला लावल्यावर समोरून कुणी उभं असल्यासारखं वाटायचं, मागे गेलं की नुसती पोकळी. काम करताना तो तिकडे पाठ करून बसेना.

शुक्रवारी सकाळी संध्याने तेलाची बाटली पुढे केली. "झग्याचं बोलू नका हवं तर. पण खांद्याला एवढं देऊन या, गरम करून लावा म्हणावं."

बिशपस्वामींच्या हेब्बाळच्या बंगल्यावर वॉचमनने त्याला ओळखलं. "स्वामी मागे बागेत आहेत, अण्णा."

बाटली सांभाळत पुरुषोत्तम मागे गेला.

झाडाखाली, जांभळा कमरपट्टा आवळून, बिशपस्वामी टाचा उंचावून उभे होते आणि दोन्ही हात डोक्याच्या पार वर नेऊन एकेक बटरफ्रूट तोडत होते.