डायरेक्ट मोटर

"तुया ब्रेकर काढून टाकला, पोरी. प्रणितनं मोटर डायरेक्ट केली. सकाळपासून धानाले पाणी चालू हाये. इंजिनिअर तू, अन् डोकं त्याचं!" बाबा फोनवर हसत होते.

मोटरमधला करंट जमिनीत उतरू लागला की वीज तोडणारा तो ब्रेकर मीच नागभीडच्या शेतावर बसवून दिला होता. तो सारखा पडून मोटर बंद व्हायची, म्हणून प्रणितदादा वैतागला होता. ब्रेकर आजच परत लावा, असं मी बाबांना बजावलं. "उद्या लावतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बोडीच्या पाण्याकाठी मोटरला हात लागला आणि बाबा गेले.

तेरवी झाल्यावर दादाने मला विचारलं, "ब्रेकर असता तं बाबा वाचले असते का?" तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी म्हणाले, "नाई रे. त्यानं काई फरक पडला नसता." त्या दिवशी तो पोटभर जेवला.

आज शेजारचे वारलूकाका अंगणात आले. "प्रणित, आमचाबी ब्रेकर सारखा पडून राह्यला गा. धान वाळून राह्यलं. जरा डायरेक्ट करून दे न."

दादाने निवांतपणे पेचकस घेतला आणि चपला पायात सरकवल्या.

 

"दादा, जाऊ नको," मी काकांसमोरच म्हणाले. "बाबा वाचले असते."