भिंतीवरचं झाड

मुलांनो, डोळ्यांसमोर एक गल्ली आणा. उतरती दुपार आहे. दोन्ही बाजूंना शोभेची झाडं. शोभा चार दिवसांची आणि पसारा बारा महिन्यांचा, शेजारी दुसरं काही म्हणून उगवू देत नाहीत. म्हणून ती तोडायला माणसं आली.

त्याच गल्लीत राहणाऱ्या नऊ वर्षांच्या ताईच्या घरासमोरचं झाड शेवटचं. तेही आडवं झालं. उरलेल्या बुंध्याला लगेच औषध लावावं लागतं, नाहीतर पुन्हा धुमारे फुटतात. पण माणसं दमली होती, आधी चहाला बसली.

तेवढ्यात ताईला दिसलं, की झाड गेलं तरी त्याची सावली घराच्या भिंतीवर तशीच डुलते आहे. खालच्या फांदीवर एक छोटी सावली पाय हलवत बसली आहे.

तिने वळून पाहिलं. तिचा धाकटा भाऊ उन्हात उभा होता. त्याच्या पायाशी सावलीच नव्हती.

"काका, भिंत बघा ना!" ती त्या माणसांच्या मुकादमाला म्हणाली.

"भिंतीला ओरखडासुद्धा नाही गं, चिमणे! आम्ही काय आज नवीन आहोत?" मुकादम हसला, चहा संपवून उठला आणि त्याने औषधाचा ब्रश बुंध्याच्या कडेवरून फिरवला.

भिंतीवर खालच्या फांदीचं टोक पुसलं गेलं. छोट्या सावलीचे पायही.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "मला माझे पाय कळतच नाहीयेत."

मुकादमाने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

ताई धावत सुटली, त्या ओल्या बुंध्यावर जाऊन बसली आणि कुणी कितीही ओढलं तरी उठली नाही.