प्रीतीसाठी आणलेल्या करंज्या

कोयनानगरहून पहाटेची एसटी धरून राजेश्वरीची आई न कळवताच सांगलीला आली आणि करंज्यांचा डबा घेऊन थेट विश्रामबागच्या कॉलेजात गेली. लेकीनं अडवण्याआधीच तिनं वर्गाबाहेर पडणाऱ्या पोरींना विचारलं, “तुमच्यात प्रीती कोण गं?” प्रीती पुढं झाली. आईनं डबा प्रीतीच्या हातात दिला. “खा बाई. आमची राजेश्वरी रोज तुझंच नाव घेती. तुझ्यामुळंच रमली हितं.” प्रीती गोंधळून मैत्रिणींकडं बघत म्हणाली, “काकू, कोण राजेश्वरी?” कुणीतरी फिसकन हसलं. राजेश्वरी वर्षभर प्रीतीच्याच मागच्या बाकावर बसत होती. आईनं डबा परत घेतला, लेकीचा हात धरला आणि फाटकाबाहेर आल्यावर विचारलं, “मग फोनवर पोरींचं हसणं ऐकू यायचं, ते?” राजेश्वरीनं मान खाली घातली. “हॉस्टेलात दुसऱ्यांच्या खोलीबाहेर उभी राहून तुझ्याशी बोलायची मी.”