सेकंदाला आठ हजार

सांज सरली सरली, सई, सुईदोरा सोड
सावल्यांच्या सोबतीनं झोप लागते ग गोड…

आईच्या पुढच्या दाताचा कोपरा मोडलेला होता. गाताना प्रत्येक ‘स’बरोबर त्या फटीतून केसाएवढी बारीक शीळ निघायची, आणि अंथरुणातली दोन्ही भावंडं ओळी सोडून त्या शिळेचीच वाट पाहायची. “आईच्या तोंडात पाखरू राहतं,” असं ताईनं धाकट्याला सांगितलं होतं. शाळेत जायला लागेपर्यंत त्यानं ते खरं मानलं.

त्याला पन्नास वर्षं उलटली. जुन्या कॅसेटींवरचे आवाज संगणकात उतरवणं हेच आता धाकट्याचं काम होतं, आणि ताई त्याच्या कामाच्या खोलीत, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून, डोळे मिटून बसली होती. शिवणाच्या दुकानातून उठून आलेली. मापाची पट्टी गळ्यात तशीच.

कॅसेटवरून उतरवलेलं आईचं गाणं संपलं. तिनं हेडफोन काढला.

“नाही येत ऐकू. सगळं गाणं येतं, शीळ तेवढी येत नाही.”

“वय झालं, ताई. बारीक आवाज आधी जातात.”

हे तो गेले तीन महिने म्हणत होता.

“कानांच्या डॉक्टरकडे जाऊन आले काल. डबीएवढ्या खोलीत कोंडून तासभर तपासलं त्यांनी. म्हणाले, मावशी, पलीकडच्या खोलीत सुई पडली तरी तुम्हाला कळेल.” ती हसायला गेली, पण हसू ओठांवरच अडलं. “म्हणजे कान शाबूत. बिघाड वरच्या मजल्यावर आहे, गुंड्या.”

“काहीतरीच काय.”

“काहीतरी नाही. आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी नसलेल्या गोष्टी आठवायला लागल्या, मग असलेल्या पुसट झाल्या. शेवटी मलाच विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या?” तिनं पदरानं नाक पुसलं. “दुकानाच्या किल्ल्या सुनेकडे दिल्या आज. उद्यापासून मापं तीच घेईल. मी एखाद्या दिवशी कुणाचं नवंकोरं कापड उलटसुलट कापून ठेवायचे.”

दारातून आत येणाऱ्या बाईचा खांदा नुसत्या नजरेनं मोजणारी ताई.

समोर पडद्यावर आईच्या आवाजाचं चित्र उभं होतं. खाली जाड आवाजांचा दाट उजेड, आणि बारीक आवाज सुरू व्हायच्या आधीच, चार हजारांच्या रेघेवर सगळं सुरीनं कापल्यासारखं सपाट. त्याच्या वर नुसता काळोख. तीन महिने तो त्या काळोखात हात घालून चाचपत होता. सगळी बटणं फिरवून झाली होती. जे आत आलंच नव्हतं, ते वाढवून वाढवून किती वाढणार?

“तुझं डोकं ठिकाणावर आहे, ताई,” तो म्हणाला. “शीळ होती. ह्या फाइलमध्येच ती नाही.”

ती पडद्याकडे वाकली.

“यंत्र आवाज सलग घेत नाही. सेकंदात ठरावीक वेळा टिपतं, मधलं सोडून देतं. लहर चढते, उतरते. तेवढ्यात दोनदा तरी टिपली तर हाताला लागते, नाहीतर निसटते. आईची शीळ सेकंदाला सहा हजार वेळा थरथरणारी. तिला बारा हजारांच्या वर टिपायला हवं होतं. मी आठ हजारांवर टिपलं, म्हणून चार हजारांच्या वरचं काही आलंच नाही.”

ताईनं मापाची पट्टी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“म्हणजे गळ्याच्या गोलाईवर लांब लांब टाके घातलेस.”

“हो.”

“गोलाई मोडणारच मग. आईला कच्ची शिलाई घातलीस होय रे?”

“इथे सभांची भाषणं येतात. माणूस काय बोलला ते कळलं की झालं, म्हणून यंत्र कायम आठ हजारांवर असतं. आईच्या कॅसेटी मी कामाच्या अध्येमध्ये उतरवल्या. आकडा बदलायचं सुचलंच नाही.”

तो शिव्यांची वाट पाहत खाली मान घालून बसला. पाठीत एक धपाटा बसला, लहानपणी बसायचा तसाच, आणि वर पाहतो तर ताई हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“मेल्या, तीन महिने मला वेडी ठरवलंस.” तिनं पिशवीतून फोन काढून सुनेला लावला. “अगं, किल्ल्या खिळ्याला अडकव. आणि त्या निळ्या झग्याला हात लावू नकोस, त्याचं माप मी घेणारे. मीच. काही झालेलं नाहीये मला.”

फोन ठेवून तिनं खुर्ची पुढे ओढली.

“चल, ऊठ. उसव ते आणि बारीक टाक्यानं घाल परत. बारा हजार म्हण, वीस हजार म्हण, मला घाई नाही. कॅसेटी कपाटातच आहेत ना तुझ्या? सांभाळून ठेवल्यात म्हणाला होतास.”

उत्तराची वाट न पाहता तिनं हेडफोन पुन्हा कानांवर चढवला, डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवून ती बसली.

धाकटा कपाटाशी गेला. दार न उघडताच परत आला आणि दोन बोटांनी तिच्या एका कानावरचा हेडफोन हळूच बाजूला केला.

“ताई, इथे उतरवून झालेली प्रत्येक कॅसेट पुन्हा वापरायला चुंबकाखाली धरून कोरी करतात. आईच्या त्याच ढिगात होत्या. मीच धरल्या.”